विमानाच्या पोटाखालचा उजेड

१

शनिवारी चष्मेवाला दुकान लवकर बंद करायचा. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी, "सोमवारी या, काच अजून घासायची आहे," असं खुशाल सांगून कुलूप लावायचा आणि गाडी काढायचा ती थेट विमानतळाच्या मागच्या कुंपणापाशी. तिथे मातीचा एक उंचवटा होता. त्यावर उभं राहिलं की धावपट्टीचं टोक दिसायचं, विमानं उभी करायची मोकळी जागा दिसायची, आणि कुंपणाला अगदी लागून भंगारात काढलेलं एक जुनं मालवाहू विमानही दिसायचं. अंधार पडला की चष्मेवाल्यासारखीच सात-आठ वेडी माणसं तिथे जमायची, ट्रायपॉड रोवायची आणि आभाळाकडे डोळे लावून बसायची.

रात्री विमानाचा फोटो काढणं म्हणजे काही खायचं काम नाही. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं तर दिव्यांच्या नुसत्या रेघा मिळतात आणि विमान गायब. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवून झटपट काढावा तर विमान मिळतं, पण सगळ्या फोटोवर वाळू उधळल्यासारखे दाणे. या दोन्हींच्या मधून वाट काढणारा माणूस म्हणजे आपण, असं चष्मेवाल्याचं स्वतःबद्दल मत होतं, आणि खरं सांगायचं तर टोळीचंही तेच मत होतं. टोळीतले सगळ्यांत वडीलधारे म्हणजे मास्तर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. तेसुद्धा म्हणायचे, "चष्मेवाले, आज काय ठेवलंय सेटिंग? जरा गरिबालाही सांगा." चष्मेवाला सांगायचा, पण हातचं राखून.

बायकोला त्याने बरोबर न्यायला सुरुवात केली ती काही फोटोग्राफीसाठी नव्हे. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असायची, शनिवारी तिचीही लवकर सुट्टी. थर्मास धरायला, लेन्स पुसून द्यायला कोणीतरी असलेलं बरं, एवढाच हिशोब. मग एकदा तिचा वेळ जाईना म्हणून त्याने आपला जुना कॅमेरा तिच्या हातात दिला. शिकवलंही थोडंफार, चिडचिड करत. "अगं, बोट काढ तिथून. हजारदा सांगितलं, श्वास सोडताना बटण दाबायचं."

आणि वर्षाच्या आत काय झालं? विमानतळाच्या प्रतीक्षागृहातल्या भिंतीवर लावायला एक फोटो निवडायचा होता, टोळीतल्या सगळ्यांनी आपापले पाठवले, आणि निवडला गेला तिचा. तेच भंगारातलं विमान, पण असं शांत, असं स्वच्छ, की मास्तर चष्मा काढून जवळून बघत राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यानेही वाजवल्या. "छान आलाय," तो म्हणाला, आणि न राहवून त्याने पुढे जोडलं, "कॅमेरा माझाच आहे म्हटलं." कोणी हसलं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारपासून त्याची कंबर दुखायला लागली.

२

आता कंबर दुखत नव्हती, दुखत होतं ते पोट, हे त्याचं त्यालाही कळत होतं. पण कबूल कोण करतो? शनिवारी तो दुकानातून सरळ घरी यायचा आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आडवा व्हायचा. ती दवाखान्यातून परस्पर स्कूटरवर कुंपणाकडे जायची. ती कुणाशी काय बोलत असेल, कोण तिला आता 'काय ठेवलंय सेटिंग' म्हणून विचारत असेल, या विचाराने त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका रविवारी ती बाजारात गेली असताना त्याने कॉम्प्युटर उघडला. हिला एवढं जमतं कसं, ते बघायचंच होतं त्याला. कुठेतरी पाणी मुरतंय, अशी त्याची खात्री होती.

पद्धत तर त्यानेच शिकवलेली. एकाच जागेवरून, ट्रायपॉड न हलवता, उभ्या विमानाचे पाठोपाठ वीस-तीस फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर ते एकावर एक बसवायचे. दाणे दर फोटोत वेगळ्या जागी पडतात, म्हणून ते एकमेकांना खोडतात. जे खरोखर तिथे असतं ते सगळ्या फोटोंत एकाच जागी असतं, म्हणून ते उरतं. मधून कोणी चालत गेलं तरी फिकीर नाही. "जो हलतो तो पुसला जातो," हे त्याने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मोठ्या रुबाबात.

त्याने तिचा गेल्या शनिवारचा फोटो उघडला, त्याच विमानाचा. मोठा केला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की या विमानाचं पोट दिसतंय.

ते कधीच दिसत नसे. कुंपणाकडचे दिवे मागच्या बाजूला होते, त्यामुळे विमानाचं पोट म्हणजे काळा डोह. त्याने स्वतः वर्षानुवर्षं त्या पोटाशी झगडा केला होता. इथे मात्र त्यावर खालून एक मऊ उजेड पडला होता, इतका नेमका, की पत्र्याचे खिळे मोजता यावेत. म्हणजे कुणीतरी खाली विजेरी धरून उभं होतं. त्याने डाव्या कोपऱ्यात पाहिलं. कुंपणापाशी, कॅमेऱ्याकडे पाठ करून, एक पुरुष उभा होता.

"असं होय," चष्मेवाला स्वतःशीच म्हणाला. त्याला राग आला, आणि खोटं कशाला बोला, थोडं हायसंही वाटलं. म्हणजे हे कौतुक तिच्या एकटीचं नव्हतं तर.

मग त्याने मुळातले सुटे फोटो उघडले. पहिल्यात विमानाचं पोट काळं. दुसऱ्यात काळं. कुंपणापाशी कोणी नाही, विजेरी नाही, नुसते दाणे. एकामागून एक त्याने सगळे बघितले. एकाही फोटोत माणूस नव्हता. त्याने ते सगळे पुन्हा स्वतःच्या हाताने एकावर एक बसवले. पडद्यावरचे दाणे हळूहळू विरत गेले, आणि त्यांच्यामागून आधी उजेड आला, मग माणूस.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज येत होता. चष्मेवाला डोकेबाज माणूस, असल्या गोष्टींना भीक घालणारा नव्हे. उजेड फार मंद असेल, त्याने मनाशी मांडणी केली. इतका मंद, की सुट्या फोटोत दाण्यांखाली दडत असेल. म्हणजे माणूस खराच आहे. आणि तो सगळे फोटो होईपर्यंत तसूभरही न हलता उभा राहत होता. आपल्या बायकोसाठी असं न हलता उभा राहणारा हा कोण, एवढाच प्रश्न त्याला डसला.

३

त्यानंतरच्या शनिवारी ती परत आली तेव्हा तो सोफ्यावरच होता. दार उघडताना ती काहीतरी गुणगुणत होती. आत आली, दिवा लावला आणि त्याला बघून थबकली.

"अहो, इतक्या लवकर पोचलात?" ती म्हणाली.

"कुठून?"

"कुठून म्हणजे?" ती हसली, आणि हेल्मेट ठेवायला आत गेली.

टोमणा मारतेय, त्याने ठरवलं. घरात लोळतो म्हणून टोचून बोलतेय.  जेवताना त्याला राहवलं नाही.

"तिकडे कोण असतं हल्ली तुझ्याबरोबर?"

"कोण असणार? नेहमीचीच मंडळी." तिने त्याच्या ताटात भाजी वाढली आणि ताटाकडे बघतच म्हणाली, "एक विचारू? तुम्ही तिथे जसे असता तसे घरी का नसता हो?"

त्याला वाटलं, ही जुन्या दिवसांबद्दल बोलतेय. पण जुन्या दिवसांत तरी तो तिथे कुठे वेगळा असायचा? तिथेही डाफरायचाच.  रात्री तिला पटकन झोप लागली आणि झोपेत तिच्या तोंडावर जे समाधान होतं, ते बघून त्याला इतकं एकटं वाटलं की तो उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

४

मास्तर पुढच्या आठवड्यात दुकानात आले. वाचायचा चष्मा बदलायचा होता. चष्मेवाल्याने त्यांना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, उंच खुर्चीत बसवलं, तपासणीची ती जड गोल फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली. समोर अक्षरांचा तक्ता उजळला. इथून विषय काढायला बरं होतं. माणूस अंधारात असला आणि त्याच्या डोळ्यांवर फ्रेम असली, की तो सरळ उत्तरं देतो.

"काय मास्तर, शनिवारी काय म्हणते टोळी?"

"टोळीचं काय, तुमचंच कौतुक चाललंय." मास्तर खुर्चीत सैल बसले. "तुम्हा दोघांचं. काल घरी सौ.ला सांगत होतो, चष्मेवाले सुधारले म्हणून. आधी किती चिडायचात हो बिचारीवर. आणि आता बघावं तर विजेरी धरून तासभर उभे. हूं नाही की चूं नाही."

चष्मेवाल्याच्या हातातली काच तिथेच थांबली.

"कधी पाहिलंत मला?"

"कधी काय? शनिवारी. त्याच्या आधीच्या शनिवारीही. मी हाक मारली तर नुसता हात केलात." मास्तर हसले. "कामात असलात की बोलत नाही तुम्ही, हे आम्हाला नवं नाही."

"मास्तर, मी दोन महिने तिकडे फिरकलो नाही."

"बरं, बरं. कंबर दुखते म्हणून घरी सांगायचं आणि इकडे यायचं. आम्ही कुठे बोलतोय?"

म्हातारा झालाय, चष्मेवाल्याला वाटलं. अंधारात काय दिसणार याला. त्याने उजव्या डोळ्यावर झाकणी बसवली. "लांबचं वाचा बघू. सगळ्यांत खालची ओळ."

मास्तरांनी ती वाचली. घडाघडा, एकही अक्षर न चुकता. त्याने झाकणी दुसऱ्या डोळ्यावर फिरवली आणि तक्ता बदलला. मास्तरांनी तीही ओळ वाचली. चष्मेवाल्याने खोलीतला उरलासुरला दिवा विझवला, तक्त्याचा उजेड अगदी मंद केला, इतका की त्याला स्वतःला अक्षरं ओळखू येईनात. मास्तर तेही वाचत गेले, शाळेत पाढे म्हणावेत तसे.

"लांबचं माझं पहिल्यापासून चांगलं आहे," ते म्हणाले. "जवळचंच दिसत नाही."

५

पुढचा शनिवार उजाडला तो असा, की चष्मेवाल्याने सकाळपासून दोन गिऱ्हाइकांना उलटसुलट काचा बसवून दिल्या. संध्याकाळी त्याने गाडी बरीच अलीकडे उभी केली आणि कुंपणाच्या कडेने पायी निघाला. भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीतीच्या वर दुसरंच काहीतरी होतं. आपल्याच जागेवर आपल्या नावाने कोणीतरी उभं आहे आणि त्याची वाहवा होतेय, हे त्याला सहन होत नव्हतं. कोणी बहुरूपी असेल, कोणी माझ्या अंगकाठीचा असेल, तो मनाशी म्हणत होता. कॉलर धरून उजेडात ओढला की झालं.

उंचवट्यावर टोळीच्या पाठी दिसल्या. ती त्यांच्यापासून लांब, खाली, जुन्या विमानासमोर होती. ट्रायपॉडवर वाकलेली. तिच्या शेजारी कोणीतरी उभं होतं. अंधारात फक्त आकार, पण एक खांदा किंचित खाली. चष्मेवाल्याचाही तसाच होता, काचा घासून घासून झालेला. त्याने स्वतःच्या खांद्याला हात लावला.

"ए, इकडे बघ ना," ती म्हणाली. "तुला काय वाटतं, थोडं डावीकडे घेऊ?"

चष्मेवाला जागच्या जागी थिजला. लग्नानंतर एकदा त्यानेच तिला सांगितलं होतं, मला अरे-तुरे कर. तिने दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत केलं, तेव्हा बहिणीसमोर लाज वाटून त्याने डोळे वटारले. त्यानंतर तिने कधीच त्याला 'तू' म्हटलं नाही. इतकी वर्षं 'अहो', 'ऐकलंत का', 'जेवलात का'. आणि इथे अंधारात तिच्या तोंडून ते 'तू' इतकं सहज आलं, की जणू ती रोजच तसं बोलते.

"तुझ्या मनासारखं घे," त्या माणसाने उत्तर दिलं. "घाई नाही आपल्याला."

आवाज चष्मेवाल्याचाच होता. त्यात शंका नव्हती. कोणाही माणसाला आपला आवाज बाहेरून ऐकून थोडा परका वाटतो, तसाच वाटला. पण या आवाजात ओलावा होता. हा आवाज असाही वापरता येतो, हे चष्मेवाल्याला ठाऊकच नव्हतं. त्याला इतका मत्सर आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो माणूस विजेरी घेऊन कुंपणाकडे चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. एकदा उभा राहिला तो राहिला. वारा होता, पण त्याच्या शर्टाची बाहीसुद्धा हलेना.

तेवढ्यात मागून एक विमान उतरायला आलं. त्याचा आवाज छातीत भरला आणि पुढच्या दिव्यांचा झोत जमिनीवरून सरकत कुंपणापर्यंत आला. क्षणभर सगळं लख्ख झालं. चष्मेवाल्याने त्या माणसाची मान पाहिली, मानेवर केस कापताना झालेल्या जखमेची रेघ पाहिली, कानामागे अडकवलेली चष्म्याची काडी पाहिली. मग ती मान त्याच्याकडे वळू लागली. कान गेला, गालाची कड आली. जिथे डोळा यायचा तिथवर ती वळली, आणि झोत पुढे निघून गेला. चष्मेवाल्याला जे दिसलं ते त्याने नंतर मनातल्या मनातही नीट आठवून पाहिलं नाही. एवढंच, की तिथे दाणे होते.

६

तो धडपडत पुढे गेला. माती भुसभुशीत होती, पाय रुतत होते. "अगं," त्याने हाक मारली. "अगं, मी आलोय."

ती वळली. तिने खिशातून छोटी विजेरी काढून त्याच्या तोंडावर धरली. त्याने डोळ्यांवर हात घेतला, मग तो मुद्दाम खाली केला, तिला आपला चेहरा नीट दिसावा म्हणून. तिने पाहिलंही नीट. घाई न करता, दवाखान्यात नव्या माणसाकडे बघावं तसं.

"अहो, जरा बाजूला होता का?" ती म्हणाली. तिचा सूर मुळीच तुटक नव्हता. "तुम्ही फोटोत येताय."

उंचवट्यावरून मास्तर काहीतरी म्हणाले आणि कोणीतरी हसलं. ते हसणं त्याच्यावर नव्हतं, तिकडचं त्यांचं काहीतरी चाललं होतं. त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

"अगं, मी..." तो पुन्हा म्हणाला. मी तुझा नवरा, असं सांगायचं? तो तर तिथे कुंपणापाशी उभा होता.

"राहू दे गं त्यांना," कुंपणापासून आवाज आला. त्याचाच आवाज, समजूतदार. "ते हलतायत. यायचे नाहीत फोटोत."

"बरं," ती म्हणाली, आणि विजेरी विझवून पुन्हा कॅमेऱ्यावर वाकली.

चष्मेवाल्याला पळून जायचं होतं. गाडी, घर, सोफा, सगळं मागे अजून असावं. पण तो गेला नाही. गेला असता तर उरलेली जागाही त्या दुसऱ्याला मिळाली असती. त्याने दोन्ही पाय मातीत घट्ट रोवले, हात अंगाशी दाबून धरले, आणि तिच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. पापणी लवू दिली नाही. श्वास कोंडला.

कॅमेऱ्याचं शटर उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. ती एकामागून एक फोटो काढत होती, आणि त्याचे गुडघे काही केल्या थरथरायचे थांबत नव्हते.